पाऊस लागला की झोप उडते. विश्वासात असूनही भीती जात नाही, काय करावं?

नदीकाठची (सांगली), रात्री ११.४०

जय ख्रिस्त मंडळी.

लिहू की नको करत दोन पावसाळे गेले. आज दुपारपासून पावसाने जी झड धरलीय ती सुटेना. झोप काही येणार नाही, म्हणून लिहायला घेतलं.

आम्ही सांगलीत कर्नाळ रोडच्या बाजूला राहतो. कृष्णा नदी वाढली की आधी आमच्याकडे पाणी शिरतं. मी घरीच ब्लाऊज शिवते, पिको-फॉल करते. आयर्विन पुलापाशी ४० फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४५ म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. सासूबाईंनी २००५ चं पाणी बघितलेलं. त्या म्हणाल्या, तेव्हा दोन पायऱ्या चढून थांबलं होतं, आताही तेवढंच येईल. म्हणून मशीन टेबलावर चढवलं आणि गिऱ्हाइकांच्या साड्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. पाण्याने कपाटच आडवं केलं.

नवव्या दिवशी घरी आलो तर दार उघडेना. आतून गाळाने धरून ठेवलेलं. तो वास अजून नाकात आहे. मशीनच्या मोटरीत चिखल. २६ साड्या गेल्या, त्यात एका काकूंची लेकीच्या लग्नातली पैठणी होती. त्या बघायला आल्या आणि एवढंच म्हणाल्या, "असू दे गं, तुझंच घर गेलंय." भांडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. सासूबाईंचं गीतांचं पुस्तक फुगून विटेएवढं झालं होतं. मी शिवणाच्या सुईने एकेक पान सोडवलं, वर्तमानपत्रात घालून वरून कोमट इस्त्री फिरवली. निम्मं वाचलं.

खरं सांगायचं तर तेव्हा मी घाबरले नाही. कामच एवढं होतं. भीती आली ती पुढच्या जूनमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाला. बॉबिन भरत होते, एकदम बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, छाती धडधडायला लागली. वाटलं, संपलं सगळं. नवऱ्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. ईसीजी चांगला आला. पण तेव्हापासून पाऊस लागला की तसंच होतं. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं आणि उरलीसुरली हिंमत गेली. आता रात्रभर दर अर्ध्या तासाला मोबाईलवर पातळी बघते. कोयना धरणातून किती सोडलं, आलमट्टी धरणाचं काय चाललंय.

याहून मोठं दुःख वेगळंच आहे. घरगुती प्रार्थनासभेत मी हे बोलून दाखवलं, तर एक जण म्हणाल्या, "जिथे भीती तिथे विश्वास नाही. कुठलं तरी पाप लपवलंयस, ते शोध." त्या रात्रीपासून मला पाण्याची भीती होतीच, देवाचीही वाटायला लागली. प्रार्थनेला बसले की आधी मी काय चुकले त्याची यादी करते आणि मूळ मागणं राहूनच जातं.

तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय का? वचनं मला पाठ आहेत, त्यामुळे नुसती वचनं नकोत. तुम्ही काय केलंत ते सांगा.

मिरज_जंक्शन (मिरज), सकाळी ६.०५

ताई, मी मिरजेत ३४ वर्षं नर्सिंग केलं, आता निवृत्त आहे. आधी शरीराचं सांगते.

तुम्हाला जे होतं त्याला पॅनिक अटॅक म्हणतात. शरीर धोक्याची घंटा वाजवतं, धोका समोर नसला तरी. श्वास भराभर चालला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानेच बोटांना मुंग्या येतात, ओठ बधिर होतात, गरगरतं. साधारण दहा मिनिटांत ते कळसाला जातं आणि मग ओसरायला लागतं. भयंकर वाटतं, पण त्याने जीव जात नाही. ईसीजी झाला हे चांगलं केलंत. थायरॉइड तपासलं नसेल तर तपासून घ्या, त्यानेही धडधड होते.

तेवढ्या वेळात श्वास सोडणं लांबवायचं. मी माझ्या पेशंटला, तो ख्रिस्ती असेल तर, २३ वं स्तोत्र द्यायची. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हणताना श्वास आत घ्यायचा आणि "मला काही उणे पडणार नाही" हे मनातल्या मनात सावकाश म्हणत सोडायचा. घाई नाही, पुढच्या ओळीकडे पळायचं नाही.

दुसरं, ते अर्ध्या अर्ध्या तासाला पातळी बघणं. बघितलं की दोन मिनिटं जिवाला थारा मिळतो, म्हणून मन परत मागतं. खाज सुटली म्हणून खाजवण्यासारखं आहे ते. ते कमी करावं लागेल, पण एकदम नाही.

तिसरं, मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं.

त्या बाईंनी जे म्हटलं ते मनावर घेऊ नका एवढंच म्हणते. जास्त बोलले तर राग निघेल.

ओवी (सांगली, विश्रामबाग), सकाळी ९.२०

मी ख्रिस्ती नाही, आमच्याकडे वारकरी घराणं आहे. बोललं तर चालेल ना? आमची आजी म्हणायची, मन चिंती ते वैरी न चिंती. २०१९ ला आमच्या इमारतीत गावभागातली तीन कुटुंबं राहिली होती. त्यातल्या एक मावशी आजही ढग आले की पिशवी भरून दाराशी ठेवतात. तुम्ही एकट्या नाही आहात हे सांगायला आले.

वचनावर_उभा (कराड), सकाळी १०.४५

ताई, रागावू नका, प्रेमाने सांगतो. २ तीमथ्य १:७ वाचा: "देवाने आपल्याला भित्रेपणाचा नव्हे, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमनाचा आत्मा दिला आहे." भीती देवाकडून नाही, मग ती कोणाकडून आहे ते ओळखा. पवित्र शास्त्रात "भिऊ नको" हे ३६५ वेळा आहे, वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक.

मी हवेत बोलत नाही. अपघातानंतर मला दोन वर्षं गाडीवर बसता येत नव्हतं. हायवेवर ट्रकचा हॉर्न ऐकला तरी पाय गळायचे. एका रात्रीच्या प्रार्थनेत प्रभूने मला मोकळं केलं, सकाळी मी स्वतः गाडी काढून उंब्रजपर्यंत गेलो. गोळ्यांच्या नादी लागलो असतो तर आजही तिथेच असतो. जो समुद्र शांत करतो त्याला कृष्णा शांत करता येत नाही का?

नदीकाठची, सकाळी ११.३०

दादा, समुद्राचं काढलंत म्हणून बोलते. मार्कच्या चौथ्या अध्यायातला तो भाग मला आता वाचवत नाही. २०१९ ला आम्ही गच्चीवर होतो, सहा मोठी माणसं आणि दोन लेकरं. खाली अंधारात पाण्याचा आवाज आणि कुठेतरी दावणीला राहिलेली म्हैस ओरडत होती. मग ती ओरडायची थांबली. तेव्हा वादळातल्या शिष्यांसारखं मी मोठ्याने म्हटलं, "गुरुजी, आपण बुडत आहोत ह्याची आपणाला काळजी नाही काय?" कोणी उठलं नाही. सकाळी बोट आली, आम्ही वाचलो, आभार मानते. पण त्या वादळात येशू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपलाय हे वाचलं की मला राग येतो. हे लिहायलाही भीती वाटतेय.

द्राक्षबाग_तासगाव, दुपारी १.१५

ताई वाचून डोळ्यात पाणी आलं बघा.

मी बागायतदार, दीड एकर द्राक्ष. आमच्या वाडीत ख्रिस्ती घरं तीनच. तुमची भीती जून-जुलैची, माझी ऑक्टोबरची. फळछाटणी झाली, बाग फुलोऱ्यात आली, आणि तेवढ्यात ढग भरून आलं की माझा जीव ठिकाणावर नसतो. २०१९ ला तुमच्याकडं महापूर, मग ऑक्टोबर-नोव्हेंबरला आमच्याकडं परतीचा पाऊस ठाण मांडून बसला. डावणी (बुरशीचा रोग) आली, घड कुजलं. ट्रॅक्टर चिखलात रुतायचा, ब्लोअर बागेत जाईना, मग मी आणि बायको पाठीवर पंप घेऊन फवारत होतो. रात्री एकला फवारलं, तीनला पाऊस. धुऊन गेलं. परत चारला फवारलं. सोसायटीचं कर्ज, औषध दुकानाची उधारी. मनात नको ते विचार यायचे, खोटं कशाला सांगू.

त्या दिवसांत बाबा (माझे वडील, आता नाहीत) बांधावर येऊन बसायचे. उपदेश नाही, वचन नाही. एकदा एवढंच म्हणाले, "औषध मारणं तुझं काम हाय, ढग हाकलणं तुझं नव्हं. तू दोन्ही करायलायस." मी तिथंच पंप खाली ठेवला. त्या दिवसापासून सकाळी बागेत शिरायच्या आधी डोक्यावरची टोपी काढतो आणि मोठ्यानं म्हणतो: प्रभू, आज माझ्याकडं ह्या ओळी, बाकीचं तुझ्याकडं. मग हिशेब लागतो. "उद्याची चिंता उद्याला" हे वचन लहानपणापासून भिंतीवर टांगलेलं होतं, पण ते माझ्या कामाचं हाय हे त्या बांधावर कळलं.

ढग आलं की पोटात गोळा आजबी येतो. पण हात थांबत नाहीत.

मिरज_जंक्शन, दुपारी २.३०

@द्राक्षबाग_तासगाव, दादा, नको ते विचार पुन्हा आले तर त्याच मिनिटाला कोणाला तरी सांगायचं. घरात, शेजारी, नाहीतर १४४१६. हे वचन द्या मला.

@वचनावर_उभा, भाऊ, तुम्हाला प्रभूने बरं केलं याचा मला आनंदच आहे. पण गोळ्यांबद्दल लिहिलंत ते चारचौघांत तसंच राहू नये. तुम्ही तीमथ्याचं पत्र दाखवलंत. त्याच तीमथ्याला त्याचा गुरू पौल पहिल्या पत्रात, पाचव्या अध्यायाच्या तेविसाव्या ओवीत, काय सांगतो? नुसतं पाणी पीत राहू नकोस, पोटासाठी आणि वारंवारच्या दुखण्यांसाठी थोडा द्राक्षारस घे. तीमथ्याचा विश्वास कमी होता म्हणून नाही, पोट दुखत होतं म्हणून. पौलाचा सोबती लूक, त्याला तो "प्रिय वैद्य" म्हणतो. आणि आपण बोलतोय कुठे बसून? मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उघडला, त्याच्या भोवती इथली मंडळी वाढली. माझी आजी त्या दवाखान्यात झाडू मारायला लागली आणि पुढे दाई झाली. प्रार्थना करून ऑपरेशनला हात घालणारी माणसं आमच्या घराण्याने बघितलीत. प्रार्थना आणि औषध यात भांडण लावू नका.

ताईंसाठी: डॉक्टरांनी गोळी दिली तर पहिले दोन-चार आठवडे फारसा फरक जाणवत नाही. तेव्हा धीर सोडायचा नाही. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंदही करायची नाही.

जुना_सातारी (सातारा), दुपारी ४.५०

मी वयाने इथे बहुतेक सगळ्यात मोठा. ११ डिसेंबर १९६७, पहाटेची वेळ, कोयनेचा भूकंप. आम्ही पाटण तालुक्यात होतो, मी नऊ वर्षांचा. आधी आवाज आला, जमिनीखालून बैलगाड्या पळवल्यासारखा. मग माळवद खाली आलं. आमच्या घरचं कोणी गेलं नाही, पण शेजारी गेले. पुढे कितीतरी महिने धक्के येत राहिले. आम्ही अंगणातच झोपायचो, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, गोणपाटं आणि घोंगड्या पांघरून.

मला भीती अशी बसली की छप्पर असलेल्या जागेत पाय टाकवेना. शाळेत जाईना, चर्चमध्ये जाईना. वडील कडक होते, पण आजीने त्यांना थांबवलं. रविवारी उपासना चालू असताना ती माझ्याबरोबर बाहेर चिंचेखाली बसायची. आतून गीताचा आवाज यायचा, ती बाहेरून गायची. पुढच्या रविवारी आम्ही पायरीवर बसलो. मग दारात. मग शेवटच्या बाकावर, दाराच्या बाजूला. किती रविवार गेले आठवत नाही, उन्हाळा लागला होता एवढं आठवतं. एकदाही ती म्हणाली नाही की घाबरू नकोस.

आज वयाची साठी केव्हाच उलटली. उशाशी टॉर्च आणि चप्पल ठेवल्याशिवाय मी अजूनही झोपत नाही, आणि छपराखाली झोपतो, रोज.

अवांतर: ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक शेवटच्या काळात आमच्या साताऱ्यात होते, १९१७ मध्ये त्यांनी इथे "देवाचा दरबार" सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. ओवी यांनी वर विचारलं "बोललं तर चालेल ना", म्हणून आठवलं. चालेल बाई, का नाही चालणार.

स्पर्धापरीक्षा_कराड, सायंकाळी ५.१०

वाचतोय. चौथा प्रयत्न आहे, हॉलमध्ये पेपर हातात आला की अक्षरं पळतात. श्वासाचं ते स्तोत्र करून बघतो. धन्यवाद सिस्टर.

पाळक_निवृत्त (वाई), रात्री ८.३०

सर्वांना सलाम. नातवाने हा धागा दाखवला. मोबाईलवर टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

नदीकाठची, बाळ, तुला ज्या कोणी लपलेलं पाप शोधायला लावलं, त्यांच्या वतीने एक पाळक म्हणून मी तुझी क्षमा मागतो. असं आमच्या व्यासपीठांवरून पुष्कळदा बोललं गेलं आहे. तरुणपणी मीही बोललो आहे.

आधी "३६५ वेळा" याविषयी. हे मीही ऐकलं होतं, भाषणात वापरलंही. मग एका उन्हाळ्यात वही घेऊन मोजायला बसलो. भाषांतर बदललं की आकडा बदलतो, आणि ३६५ काही भरत नाहीत. पण त्या वहीचा मला निराळा उपयोग झाला. हे शब्द कोणाला म्हटले आहेत ते मी उतरवत गेलो. वाळवंटात लेकराला झुडपाखाली टाकून लांब जाऊन रडणारी हागार. देवदूताला पाहून मृत्यूची भीती वाटलेला गिदोन. मरीया. रात्रीचे मेंढपाळ. म्हणजे ज्यांना "भिऊ नको" म्हटलं ते सगळे त्या क्षणी भ्यालेलेच होते. भीती गेल्यावर देव आला असं एकाच्याही बाबतीत नाही.

गिदोनाचं पुढे वाच, शास्त्यांचा सहावा अध्याय. बआलाची वेदी पाडायची आज्ञा झाली, तर हा घरच्यांना आणि गावाला भ्याला, म्हणून दिवसा न जाता रात्री गेला. शास्त्रात तसं स्पष्ट लिहून ठेवलं आहे. पण वेदी पडली. देवाने त्याला सकाळी पुन्हा पाड, धीटपणाने पाड, असं सांगितलं नाही. भीत भीत केलेलं काम त्याच्या खात्यात जमा झालं.

"कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका" हे तुला पाठ असेल, फिलिप्पै ४:६. ते पौलाने तुरुंगातून लिहिलं. ग्रीकमध्ये "चिंता करणं" यासाठी तिथे जे क्रियापद आहे, तेच त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तीमथ्याच्या कौतुकासाठी आलं आहे: तुमची खरी काळजी करील असा दुसरा कोणी माझ्याजवळ नाही. आणि करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात पौल स्वतःविषयी सांगतो की सर्व मंडळ्यांची चिंता त्याच्यावर रोज असते. तिथला शब्द त्याच मुळातला. तेव्हा तुझ्या मनात काळजी उठली की लगेच गुन्हा घडला, असा अर्थ त्या ओवीतून काढू नकोस. ती ओवी पुढे जाते: आपली मागणी देवाला कळवा. तू यादी करतेस स्वतःच्या चुकांची. ती बाजूला ठेव. मशीन, साड्या, लेकरं, म्हशीचं ते ओरडणं, हे जसंच्या तसं कळव.

आता नावेचं. तुला राग येतो ते मला समजतं. शिष्यांनाही आला होता, "काळजी नाही काय" हे काही गोड शब्द नाहीत. मार्क लिहितो त्या क्रमाने बघ. त्यांनी रागाने उठवलं. प्रभूने त्यांना तसंच भिजत ठेवून शिकवण दिली नाही. आधी उठून वाऱ्याला धमकावलं, समुद्राला "उगा राहा, शांत हो" म्हटलं, आणि निवांत झाल्यावर "तुम्ही असे भित्रे कसे" हा प्रश्न केला. गच्चीवर तू जे ओरडलीस ती प्रार्थनाच होती. माझ्या दृष्टीने त्या रात्रीची तुझी सगळ्यात खरी प्रार्थना.

वचनावर_उभा, तुमची साक्ष मी मनापासून मान्य करतो. पण प्रभूने आंधळ्यांनाही एकाच रीतीने बरं केलं नाही. एकाला शब्दाने दृष्टी आली. एकाच्या डोळ्यांना चिखल लावून शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवलं. बेथसैदाच्या माणसावर तर दोनदा हात ठेवले. पहिल्यांदा त्याला माणसं झाडांसारखी दिसली, चालणारी झाडं. प्रभूने त्याला "तुझा विश्वास अर्धा आहे" म्हटलं नाही, पुन्हा हात ठेवले. आपली ही बहीण कदाचित पहिल्या आणि दुसऱ्या स्पर्शाच्या मध्ये असेल.

शेवटी एक काम सांगतो. गेथशेमाने बागेत, अटकेच्या आधी, प्रभू स्वतः व्याकूळ झाला तेव्हा त्याने तिघांना बरोबर घेतलं आणि म्हटलं, इथे राहा आणि जागे राहा. ते झोपले, ती गोष्ट वेगळी. पण त्याने मागितलं. तू तुझी तीन माणसं शोध. उपदेश न करता जागी राहणारी.

वचनावर_उभा, रात्री ९.५५

पाळकसाहेब, बेथसैदाचा मुद्दा मी असा कधी वाचला नव्हता. गोळ्यांबद्दल मी जे लिहिलं ते माझ्यापुरतं होतं, सगळ्यांना लागू करायला नको होतं. ताई, मन दुखावलं असेल तर माफ करा. भीती शत्रू आहे असंच मी अजून मानतो. पण जखमी माणसालाच शत्रू समजलो, ती माझी चूक. रोज रात्री दहाला तुमचं नाव घेऊन प्रार्थना करीन.

ओवी, रात्री १०.१५

नदीकाठची, मला एक सुचतंय. आम्ही विश्रामबागेत, उंचावर. माझं बाळ चार महिन्यांचं आहे, रात्री मी तशीही जागीच असते. तुझ्या ऐवजी पातळी मी बघत जाऊ का? तू मोबाईल बाजूला ठेव. तू सांगशील त्या फुटाला मी तुला फोन करीन, एकदा नाही, उचलेपर्यंत करीन. तीन माणसांतलं एक मी. प्रार्थना मला तुमच्यासारखी येत नाही, पण जागं राहता येतं.

मिरज_जंक्शन, रात्री १०.२०

ओवी, किती छान बोललीस पोरी. दुसरी मी. आणि ताई, फूट आत्ताच ठरवून टाका. किती फुटाला काय उचलायचं, कुठे जायचं, कोणाकडे जायचं, कागदावर लिहून दाराला चिकटवा. शांत डोक्याने घेतलेला निर्णय घाबरलेल्या डोक्याला आयता मिळाला पाहिजे.

नदीकाठची, दुसऱ्या दिवशी दुपारी ३.००

रात्री सगळं दोनदा वाचलं. पाळकसाहेब, तुम्ही क्षमा मागितलीत तिथे मला पुढचं वाचताच येईना. नवऱ्याने वाचून दाखवलं. तो सहसा चर्चमध्ये येत नाही.

ठरवलंय ते लिहिते. ३५ फूट झाले की मशीन वरच्या मजल्यावर घरमालकांकडे, त्यांना विचारून झालंय. गिऱ्हाइकांचे कपडे आता एकत्र ठेवत नाही, प्रत्येकीची वेगळी प्लॅस्टिकची पिशवी, वर नावाची चिठ्ठी टाचलेली. ३८ झाले की सासूबाई आणि मुलं मिरजेला नणंदेकडे. ४० ला आम्ही दोघं. ओवी, ३५ ला फोन कर. त्याआधी नको. मी बघणार नाही, प्रयत्न करीन.

डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतलीय.

तिसरं माणूस सासूबाई. मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं, त्यांना वाटेल सून घाबरट. सांगितलं तर म्हणाल्या, २००५ नंतर त्या दोन वर्षं नदीच्या बाजूची खिडकी उघडत नव्हत्या. एवढी वर्षं एका घरात राहून आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. मग त्यांनी ते सुकवलेलं पुस्तक काढलं. पानं अजून कडक आहेत, उलटताना पापडासारखी वाजतात. जी गीतं फाटून गेलीत ती त्यांना तोंडपाठ आहेत, त्यामुळे पुस्तकात असलेलं मी वाचून म्हणते आणि नसलेलं त्या.

द्राक्षबाग_तासगाव, दुपारी ३.४०

सिस्टर, वचन दिलं. ताई, मशीन उचलायला माणूस लागला तर हाक मारा, पिकअप हाय माझ्याकडं. तासगाव लांब नाही.

जुना_सातारी, सायंकाळी ६.००

सासूबाईंना माझा सलाम सांगा.

नदीकाठची, चार दिवसांनी, रात्री १०.०५

पाऊस सुरूच आहे. काल डॉक्टरांकडे जाऊन आले, एक गोळी सुरू केलीय, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावलंय. परवा एकदा तसंच झालं, भांडी घासताना. ओट्याला धरून उभी राहिले आणि "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" एवढंच पुन्हा पुन्हा म्हटलं. दुसऱ्या ओळीला पोचायला वेळ लागला, पण पोचले.

आत्ता पाणी किती फुटांवर आहे मला माहीत नाही. मोबाईल सासूबाईंच्या उशीखाली देऊन येते. शुभरात्री.

ओवी, पहाटे ३.२०

३१ फूट ४ इंच. मध्यरात्रीपासून तेवढंच आहे. तिला फोन करायचं कारण नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.